कवच, अंतरंग आणि कुलूप: गेमिंग कन्सोल व संगणकाच्या कॅबिनेटचे मॉडिंग कोठून सुरू करावे

मे २०२५ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीने अमेरिकेतील ग्राहकांसाठीच्या आपल्या करारात एक नवी अट घातली. ग्राहकाने परवानगीविना यंत्रात किंवा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार केल्यास ते यंत्र पूर्णतः किंवा अंशतः कायमचे निरुपयोगी करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते, असा त्या अटीचा आशय आहे. पुढच्याच महिन्यात, ५ जूनला, स्विच २ हा नवा कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र, बाजारात आला आणि खेळांच्या प्रती साठवून चालवणारे एक कार्ड वापरणाऱ्यांची यंत्रे ऑनलाइन सेवेतून बाद झाल्याच्या बातम्या काही दिवसांतच येऊ लागल्या. ती यंत्रे बंद पडली नव्हती, कंपनीच्या सर्व्हरशी असलेला त्यांचा संबंध तोडला गेला होता. आपल्याकडे पोहोचेपर्यंत मात्र ‘कन्सोल उघडला की कंपनी तो बंद पाडते’ असे त्या बातमीचे रूप झाले.

त्याच सुमारास परळच्या आमच्या इमारतीतील एका अकरावीतल्या मुलाने मला जिन्यात थांबवून विचारले, “काका, माझ्या जुन्या प्लेस्टेशन ४ ची हार्ड डिस्क मी बदलली, तर तोही बंद करतील का?” सोनीच्या त्या कन्सोलला तसे काही होणार नाही, हे मी त्याला लगेच सांगितले. पण ही भीती त्याच्या एकट्याची नाही. मॉडिंग या एका शब्दाखाली अगदी निराळी कामे एकत्र बांधली गेल्यामुळे, जे निर्धोक आहे त्याला लोक घाबरतात आणि जे खरोखर धोक्याचे आहे त्यात बेफिकिरीने हात घालतात.

एका शब्दात तीन कामे

कारखान्यातून आलेल्या यंत्रात मालकाने आपल्या गरजेप्रमाणे किंवा आवडीप्रमाणे केलेला बदल म्हणजे मॉडिंग. सोसायटीतल्या घराचे उदाहरण घेतले तर त्यातील फरक चटकन लक्षात येतो. घराला रंग दिला, पडदे बदलले, तर कोणाला विचारावे लागत नाही. नळाची लाइन बदलायची असेल तर तेही काम आपल्याच घरातले असते, पण ते जाणकाराच्या हातचे असावे लागते, कारण चूक झाली की खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते. आणि गच्चीच्या दाराची किल्ली कोणाला न सांगता बनवून घेतली, तर तो विषय कौशल्याचा राहत नाही, तेथे इतरांच्या हक्काचा प्रश्न येतो.

यंत्राचेही असेच तीन थर असतात: बाहेरचे कवच, आतले भाग, आणि कोणते सॉफ्टवेअर चालावे हे ठरवणारे कुलूप. नवशिक्याने बाहेरून आत जावे आणि आपण या क्षणी कोणत्या थरात आहोत याचे भान सतत ठेवावे, एवढेच माझे म्हणणे आहे. निन्टेंडोच्या त्या कारवाईचा रोख तिसऱ्या थरावर होता, आणि त्या मुलाचा प्रश्न दुसऱ्या थरातला होता.

सुरुवात कॅबिनेटपासून का?

संगणकाच्या ज्या पेटीला आपण कॅबिनेट म्हणतो, तिला कुलूप नसते. तो पत्र्याचा डबा आहे, आणि त्यातील भाग एकमेकांत बसतात कारण त्यांची मापे ठरलेली आहेत. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचे माप आणले, त्यात मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड, ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या स्क्रूंच्या भोकांच्या जागाही निश्चित असतात. व्हिया या कंपनीने २००१ साली मांडलेले मिनी-आयटीएक्स हे माप तर अवघे १७० गुणिले १७० मिलिमीटरचे आहे. विटेचे माप ठाऊक असले की भिंत कशीही रचता येते, त्याप्रमाणे ही मापे हाताशी असली की संगणक कोणत्याही पेटीत बसवता येतो. चोर बाजारात मिळणाऱ्या जुन्या लाकडी रेडिओच्या रिकाम्या खोक्यात तो बसवलेला मी पाहिला आहे. (चालू स्थितीतला रेडिओ मात्र त्यासाठी फोडू नये, तशा वस्तू पुन्हा बनणार नाहीत.)

पहिले काम म्हणून बाजूच्या पत्र्यात खिडकी कापून अ‍ॅक्रिलिक बसवणे उत्तम. कॅबिनेटमधला प्रत्येक भाग आधी बाहेर काढावा, कारण कापताना उडणारा लोखंडाचा बारीक कीस मदरबोर्डवर एका जागी जरी राहिला तरी शॉर्ट सर्किट होऊ शकते. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून त्यावर रेघ आखावी, चारही कोपऱ्यांत ड्रिलने भोके पाडावीत, त्यांतून जिगसॉ या विजेच्या करवतीचे पाते घालून कापावे, मग कानशीने कड घासून तिच्यावर रबरी बीडिंग चढवावे. ३ मिलिमीटर जाडीचे अ‍ॅक्रिलिक पुरते. कड घासण्याचा भाग कंटाळवाणा आहे, तरी तो टाळू नये. न घासलेला पत्रा ब्लेडसारखा कापतो.

रंगकामाचा अनुभव सविस्तर सांगतो, कारण तो खास आपल्या शहराचा आहे. माझा पहिला पत्रा मी जुलैमध्ये, पाऊस उघडलेला पाहून, गच्चीवर स्प्रेच्या काळ्या रंगाने रंगवला. रंग चढला तेव्हा तो आरशासारखा दिसत होता. दहा मिनिटांनी त्यावर दुधाळ साय धरली आणि अर्ध्या तासात सगळा पत्रा राखी झाला. स्प्रेमधले द्रावण झपाट्याने उडून जाते, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते, आणि गार झालेल्या त्या ओल्या रंगावर दमट हवेतले पाणी बसते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच हा प्रकार असतो. मी तो रंग पॉलिश पेपरने उतरवला आणि डिसेंबरमध्ये, कोरड्या हवेत, वीतभर अंतरावरून पातळ हात देत पुन्हा काम केले. तो पत्रा आजही माझ्या टेबलाखाली आहे आणि त्याचा काळा रंग तसाच आहे. मुंबईत रंगकाम दिवाळीनंतर आणि होळीपूर्वी करावे.

आजकाल रंगीत दिव्यांच्या पट्ट्या सर्रास लावतात. त्यांतील तीन पिनांच्या पट्ट्या ५ व्होल्टच्या आणि चार पिनांच्या १२ व्होल्टच्या असतात. मदरबोर्डवरही दोन्हींसाठी वेगळ्या जागा असतात, आणि ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या जागी जोडली की ती क्षणात जळते. जोडण्यापूर्वी मदरबोर्डवर छापलेले आकडे वाचून घ्यावेत.

हे केवळ शोभेचे काम आहे का?

मोठ्या माणसांचा हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. कॅबिनेटमधील बदलाचा खरा लाभ हवेच्या वाटेत आहे. चाळीतल्या खोलीला पुढे दार आणि मागे खिडकी असली की वारा खेळतो. नुसती खिडकी असली तर पंखा लावूनही तीच गरम हवा फिरत राहते. कॅबिनेटचेही तसेच आहे: पुढून हवा आत यावी आणि मागून किंवा वरून बाहेर जावी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, उदाहरणार्थ पुढे १२ सेंटीमीटरचे दोन पंखे आणि मागे एक, तर आतील दाब किंचित वाढतो आणि फटींतून धूळ आत शिरण्याऐवजी हवा बाहेर पडत राहते. पुढच्या पंख्यांवर मच्छरदाणीची बारीक जाळी लावून ती दर महिन्याला धुतली, तर रस्त्यालगतच्या घरातही मदरबोर्ड स्वच्छ राहतो.

पंख्याच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. खोलीचे तापमान मे महिन्यात ३४ अंश असेल, तर केवळ हवेने गार होणारा प्रोसेसर त्याखाली कधीच जाणार नाही. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामधील थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी त्यांत सूक्ष्म खड्डे असतात, त्यांत हवा अडकते आणि हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. पेस्टचे काम ते खड्डे भरण्यापुरते आहे. म्हणून ती मटारच्या दाण्याएवढीच घ्यावी. जाड थर दिल्याने गारवा वाढत नाही.

“पण शॉक बसेल ना?”

ही भीती अगदी रास्त आहे. संगणकातील मदरबोर्ड, पंखे, डिस्क हे सारे १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबावर चालतात, त्यामुळे प्लग काढून काम केले तर तेथे शॉकचा प्रश्न येत नाही. अपवाद आहे तो एसएमपीएसचा, म्हणजे घरातल्या विजेचे कमी व्होल्टमध्ये रूपांतर करणाऱ्या डब्याचा. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. नवशिक्याने हा डबा कधीही उघडू नये. जुन्या कन्सोलमध्ये हेच सर्किट यंत्राच्या पोटातच असू शकते, तेथेही हाच नियम पाळावा.

जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना आणखी एक अनुभव परिचयाचा असेल: अनवाणी उभे राहून चालू संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात आणि त्यांतून येणारा किंचित प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असल्याने इजा होत नाही, पण हे अर्थिंग नसल्याचे लक्षण आहे. मॉडिंगला हात घालण्यापूर्वी वायरमनला बोलावून ते तपासून घ्यावे. घरातल्या कोणत्याही यंत्रावर हजार रुपये खर्च करण्याआधी हे काम व्हायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

अमेरिकेहून किंवा जपानहून आणलेल्या जुन्या कन्सोलवर १२० किंवा १०० व्होल्ट असे छापलेले असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट घालू नये. त्यासाठी दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. प्लेस्टेशन ४ आणि त्यापुढच्या यंत्रांना ही अडचण नाही.

कन्सोलच्या अंतरंगात

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट फुंकून लावली नाही, असे मूल मुंबईत विरळाच. त्या फुंकरीने खरे तर श्वासातला ओलावा तांब्याच्या पट्ट्यांवर बसत असे. कॅसेट पुन्हा घातल्याने संपर्क नीट जुळायचा आणि श्रेय फुंकरीला जायचे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने त्या पट्ट्या पुसणे हे कन्सोलच्या दुरुस्तीतले पहिले काम समजावे. माळ्यावर पडलेला तसला गेम हे शिकण्यासाठी उत्तम यंत्र आहे, कारण बिघडला तरी कोणाचे नुकसान नाही.

पुढची पायरी म्हणजे कॅसेटमधील बॅटरी. गेम बॉय या निन्टेंडोच्या हातात धरायच्या जुन्या कन्सोलच्या अनेक कॅसेटमध्ये खेळाची प्रगती जपून ठेवणाऱ्या स्मृतीला एक ३ व्होल्टची बटण-बॅटरी वीज पुरवते, आणि ती संपली की प्रगती पुसली जाते. कॅसेटचा स्क्रू साध्या पान्याने निघत नाही, त्याला ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो. बॅटरी पट्टीसह जोडलेली असते. नवी बॅटरीही पट्टी लावलेलीच घ्यावी, कारण नुसत्या बॅटरीवर थेट सोल्डर केल्यास उष्णतेने ती फुगू किंवा फुटू शकते. जुनी बॅटरी काढताच आतली प्रगती जाते, हे कॅसेटच्या मालकाला आधीच सांगावे.

येथे सोल्डरिंग येते, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात डाख देणे. २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री, कथिल आणि शिसे यांची ६०:४० प्रमाणाची तार आणि डाख नीट पसरावा म्हणून थोडे फ्लक्स एवढे साहित्य पुरते. इस्त्रीने तार वितळवून थेंब टाकायचा, अशी समजूत असते, ती चुकीची आहे. आधी बोर्डावरची पट्टी आणि भागाचा पाय ही दोन्ही तापवायची, आणि मग तार त्यांना लावायची. ती आपोआप वितळून पसरते. गरम पोळीवर तूप पसरते तसा सांधा पसरला, चकाकला, तर तो पक्का झाला. अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन वर बसला, तर तो ड्राय सोल्डर आहे; आज चालेल आणि आठवड्याने सुटेल. फ्लक्सचा धूर होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, आणि तारेत शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये. पहिले पन्नास सांधे भंगारातल्या बोर्डावर द्यावेत.

सोल्डरिंग टाळायचे असेल तर निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉनची, म्हणजे त्याच्या हातात धरायच्या कंट्रोलरची, कांडी बदलता येते. कांडी सोडली तरी पात्र आपोआप एका बाजूला सरकत राहते, याचे कारण जुन्या पद्धतीच्या कांडीत कार्बनच्या पट्टीवर घासणारा स्पर्शबिंदू असतो आणि ती पट्टी झिजते. हॉल सेन्सरची कांडी चुंबकाच्या साहाय्याने दिशा ओळखते, तिच्यात घासणारे काही नसते. जॉय-कॉनमध्ये ती लहानशा फितीने जोडलेली असते; प्लेस्टेशनच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये मात्र ती सोल्डर केलेली असते.

कुलूप कसे चालते?

बँकेकडे आपल्या सहीचा नमुना असतो आणि धनादेशावरची सही त्याच्याशी ताडून पाहिली जाते. कन्सोलही सुरू होताना प्रत्येक सॉफ्टवेअरवरची कंपनीची डिजिटल सही तपासतो. फरक एवढाच, की ती सही तपासण्याची किल्ली यंत्रात असते आणि सही करण्याची किल्ली केवळ कंपनीकडे. तपासणीचा सर्वांत पहिला भाग चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला असतो आणि तो नंतर बदलता येत नाही. म्हणूनच २०१८ साली पहिल्या स्विचच्या चिपमधील त्या कोरीव भागातच चूक सापडली, तेव्हा विकल्या गेलेल्या यंत्रांतली ती चूक कंपनीला अपडेट पाठवून दुरुस्त करता आली नाही. नव्या यंत्रांत बदललेली चिप घालावी लागली.

‘चिप बसवलेला’ प्लेस्टेशन आपल्याकडे घरोघर होता, त्याचे तत्त्वही असेच होते. अस्सल डिस्कच्या आरंभीच्या भागात सूक्ष्म नागमोडी खूण असे, जी घरगुती सीडी रायटरला उमटवता येत नसे. बसवलेली चिप ती खूण सापडल्याचा खोटा निरोप कन्सोलला देत असे, आणि मग नक्कल केलेली डिस्क चाले.

कायदा काय म्हणतो?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ घालण्यात आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी त्यात तरतूद आहे. यात ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वतः लिहिलेला खेळ आपल्याच यंत्रावर चालवणे आणि विकत न घेतलेले खेळ चालवणे यांत या शब्दामुळे अंतर पडते. पण कायद्याने सुटलेला माणूस कंपनीच्या कराराने सुटतोच असे नाही. ऑनलाइन सेवा ही कंपनीची असल्याने ती नाकारली जाऊ शकते. पत्र्याला खिडकी कापणे, पंखा वाढवणे, डिस्क बदलणे यांचा या कलमाशी काहीही संबंध येत नाही.

खेळ बनवणाऱ्यांचे पोट त्या खेळांवर असते आणि पुण्या-मुंबईतही अशी तरुण मंडळी आज काम करत आहेत. चोरीचे खेळ चालवण्यासाठी कुलूप तोडणाऱ्याला मी मॉडर म्हणणार नाही.

जुना स्विच विकत घेणाऱ्याने एक काळजी घ्यावी: पैसे देण्यापूर्वी तो दुकानदारासमोर इंटरनेटला जोडून ऑनलाइन दुकान उघडते का, हे पाहावे. बाद झालेले यंत्र बाहेरून नव्यासारखेच दिसते.

वॉरंटीचे काय?

‘हे स्टिकर फाटल्यास वॉरंटी रद्द’ या मजकुराबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ साली सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो यांच्यासह सहा कंपन्यांना ताकीद दिली होती. तो अमेरिकेचा कायदा आहे. आपल्याकडील दुकानात तो दाखवून उपयोग नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले. तरीही माझा सल्ला साधा आहे: वॉरंटी चालू असलेले यंत्र कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे उघडू नये. ही मर्यादा बऱ्याचदा वाटते त्यापेक्षा मोठी असते. प्लेस्टेशन ५ मध्ये एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, वाढवण्यासाठी जागा कंपनीनेच ठेवली आहे आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने ती सर्वांना खुली झाली.

साहित्य कोठे मिळेल?

सुटे भाग, सोल्डरिंगचे साहित्य, मल्टिमीटर यांसाठी ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. कानस, ड्रिलची पाती, बारीक स्क्रू यांसाठी नागदेवी स्ट्रीट, आणि वायर व प्लगसाठी लोहार चाळ. लॅमिंग्टन रोडवर जाताना जुना भाग कागदात गुंडाळून सोबत न्यावा; वर्णन करण्यापेक्षा तो काउंटरवर ठेवला की काम लवकर होते. निघालेल्या बॅटऱ्या आणि बोर्ड ओल्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावेत.

परळच्या त्या मुलाने डिस्क एका रविवारी दुपारी बदलली. त्याचा प्लेस्टेशन ४ पहिल्या आवृत्तीचा होता, त्यामुळे वरचे चकचकीत झाकण हाताने सरकवल्यावर आत एकच मोठा स्क्रू लागला आणि डिस्कची चौकट बाहेर आली. त्याने खेळांची प्रगती आदल्या रात्री पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती. सोनीच्या संकेतस्थळावरून घेतलेले सिस्टीम सॉफ्टवेअर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर होते, ते नव्या एसएसडीवर चढायला चहा होईपर्यंतचा वेळ लागला. जुनी डिस्क त्याने तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. काही राहून गेलेच असेल, तर ती त्याच यंत्रात परत लावून पाहता येईल.